वाढत जाणारा वण : केलॉइडवर कोणता उपचार, कुणाला?

केलॉइड घेऊन येणारा रुग्ण खुर्चीत बसल्या बसल्या बहुतेक वेळा एकच मागणी करतो : "डॉक्टर, हे कापून टाका ना एकदाचं." मागणी रास्त आहे. चामखीळ काढता येते, चरबीची गाठ काढता येते, मग हेच का नाही? आजचं सगळं बोलणं या "का नाही"भोवतीच आहे. कारण केलॉइडच्या बाबतीत सगळ्यांत सरळ वाटणारा उपचार, म्हणजे नुसतं कापणं, हाच सगळ्यांत जास्त फसणारा उपचार आहे. वेगवेगळ्या अभ्यासांत नुसत्या शस्त्रक्रियेनंतर केलॉइड परत येण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत नोंदलेलं आहे. आणि परत येतो तो पुष्कळदा आधीपेक्षा मोठा होऊन. साहजिक आहे. पहिली जखम कान टोचल्याच्या भोकाएवढी होती, दुसरी सुरीने केलेली, चांगली अर्धा-पाऊण इंचाची.

आधी केलॉइड म्हणजे काय ते बघू. जखम झाली की त्वचा ती भरून काढते. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेनचे तंतू विणतात, जखम सांधली जाते आणि काम झालं की या पेशी थांबतात. पुढचे काही महिने हा वण मऊ होत जातो, फिका पडतो. केलॉइडमध्ये नेमकं हे थांबणंच होत नाही. भिंतीची भेग बुजवायला गवंडी बोलावला, भेग बुजली, तरी तो सिमेंट थापतच राहिला, शेजारच्या चांगल्या भिंतीवरसुद्धा, असं काहीसं. म्हणून केलॉइडची खूण ही की तो मूळ जखमेची हद्द ओलांडतो. मुरमाची पुटकुळी मुगाच्या दाण्याएवढी होती आणि तिच्या जागी आता खजुराएवढा गुळगुळीत, टणक, तांबूस-काळपट उंचवटा आहे, तर तो केलॉइड. त्याला खाज सुटते, कधी सुया टोचल्यासारखं दुखतं. लोक समजतात की हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. छातीवर केलॉइड असलेल्या बाईला विचारा. मंगळसूत्र घासलं तरी आग होते, कुशीवर झोपता येत नाही. खाजेने रात्री जाग येणारे रुग्ण मी नेहमी बघते.

हा शब्द आला तो खेकड्यावरून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये आलिबेर नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. वणाच्या कडांमधून नांग्यांसारखे फाटे फुटताना त्यांना दिसले. आधी त्यांनी कॅन्सरशी जुळणारं नाव दिलं होतं, पण लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून ते बदललं आणि नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून केलॉइड हे नाव घेतलं. दोनशे वर्षं झाली, गोंधळ अजून आहे. म्हणून स्पष्ट सांगते : केलॉइड हा कॅन्सर नाही.

आता एक फरक, ज्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. प्रत्येक उंच वण म्हणजे केलॉइड नव्हे. सिझेरियनच्या टाक्यांची रेघ, भाजल्याचे वण, हे पुष्कळदा दोरीसारखे जाड होतात, लाल होतात, खाजतात. पण जखमेच्या हद्दीतच राहतात. याला हायपरट्रॉफिक वण म्हणतात. तो जखमेनंतर महिना-दोन महिन्यांत दिसायला लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप बराच बसतोही. केलॉइड मात्र जखमेनंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होतो आणि आपोआप बसत नाही. "माझ्या वहिनीला अमुक जेल लावून बरं वाटलं" असं जेव्हा तुम्ही ऐकता, तेव्हा वहिनींचा वण बहुधा हायपरट्रॉफिक होता. तो जेल न लावताही बसला असता. उपचारांची तुलना फसते ती इथे. अभ्यासांमध्येसुद्धा हे दोन प्रकार एकाच टोपलीत टाकलेले असतात, मग यशाचा आकडा फुगतो.

आकड्यांचंच निघालंय तर आणखी एक. "उपचाराला प्रतिसाद मिळाला" म्हणजे काय? वण निम्मा बसला की पूर्ण सपाट झाला? आणि रुग्णाला किती दिवस नंतर तपासलं? केलॉइड सहा महिने गप्प बसून नवव्या महिन्यात डोकं वर काढू शकतो. म्हणून कुणी "आमच्याकडे खात्रीने बरा होतो" म्हणालं, तर एवढंच विचारा : किती महिन्यांनंतर बघितलंत? वर्षापेक्षा कमी असेल तर त्या खात्रीला फारसा अर्थ नाही. दोन वर्षं असेल तर पुढे ऐका.

आता उपचारांकडे येऊ. सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं, बहुतेक ठिकाणी पहिलं पाऊल असलेलं, म्हणजे वणाच्या आत स्टिरॉइडचं इंजेक्शन. औषधाचं नाव ट्रायमसिनोलोन. १० किंवा ४० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या ताकदीत ते मिळतं. दर तीन ते सहा आठवड्यांनी थेट केलॉइडच्या गाभ्यात द्यायचं. हे औषध फायब्रोब्लास्टचा कारखाना मंद करतं, जमलेलं कोलॅजेन विरघळायला मदत करतं आणि खाज तर बहुतेकांची पहिल्या दोन-तीन इंजेक्शनांतच कमी होते. स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही मिळतं, देणाऱ्याचा हात बसलेला असला म्हणजे झालं. आढावा घेणाऱ्या लेखांत प्रतिसादाचं प्रमाण ५० ते १०० टक्के आणि परत येण्याचं प्रमाण ९ ते ५० टक्के असं दिलेलं असतं. एवढ्या रुंद पट्ट्याचं कारण मी आत्ताच सांगितलं.

त्रास? पहिला, दुखतं. केलॉइड रबरासारखा कडक असतो, औषध आत जाता जात नाही. भूल देणारं औषध मिसळणं, आधी बर्फाने बधिर करणं, हे उपाय करता येतात. दुसरा, औषध वणाच्या खाली किंवा बाजूच्या चांगल्या त्वचेत गेलं तर तिथे खड्डा पडतो, त्वचा पातळ होते, पांढुरकी होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. आपल्या सावळ्या वर्णावर तो पांढरा डाग उठून दिसतो. बहुतेकदा काही महिन्यांत भरून येतो, पण रुग्णाला आधी सांगितलेलं नसेल तर तो घाबरून उपचारच सोडतो. स्त्रियांची पाळी एखाद-दोन महिने पुढे-मागे होऊ शकते. हेही आधी सांगायला हवं, म्हणजे उगाच चिंता होत नाही. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते.

पण या उपचाराचा खरा शत्रू म्हणजे आपला कंटाळा. तिसऱ्या इंजेक्शननंतर खाज थांबते, वण थोडा बसतो आणि रुग्ण येईनासा होतो. सहा-आठ महिन्यांनी परत येतो ते "इंजेक्शनचा काही उपयोग झाला नाही" म्हणत. उपयोग झाला होता, काम अर्धवट राहिलं.

नुसत्या स्टिरॉइडने हलत नसेल तर त्यात ५-फ्लुरोयुरॅसिल मिसळतात. हे मूळचं कॅन्सरवरचं औषध. नाव ऐकून लोक दचकतात, पण इथे मात्रा अगदी थोडी, तीही फक्त वणात. दोन्ही मिळून दिलं की स्टिरॉइड कमी लागतं, खड्डा आणि पांढरेपणा कमी होतो आणि तुलनात्मक अभ्यासांत एकट्या स्टिरॉइडपेक्षा निकाल सरस आलेले आहेत. मात्र याने वण काळा पडू शकतो, कधी वर जखम होते. गरोदर असलेल्या, होऊ पाहणाऱ्या किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला हे द्यायचं नाही. हा नियम आहे, सल्ला नव्हे. ब्लिओमायसिन हे असंच आणखी एक औषध, हट्टी वणांसाठी.

व्हेरापामिल या रक्तदाबाच्या औषधाचं नाव तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून २००८ साली त्याची स्टिरॉइडशी तुलना प्रसिद्ध झाली. परिणाम हळू, पण जवळपास तेवढाच, आणि दुष्परिणाम कमी, असा तो निष्कर्ष होता. स्वस्त औषध म्हणून आपल्याकडे उत्साह वाढला. पुढे केलॉइड कापल्यानंतर तो परत येऊ नये म्हणून दोन्हींची काटेकोर तुलना झाली, त्यात व्हेरापामिल मागे पडलं. स्टिरॉइड सोसत नसेल तर मी त्याचा विचार करते, पहिली निवड म्हणून नाही.

गोठवणं हा दुसरा रस्ता. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. तो फवारून केलॉइड गोठवला की आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि पेशी मरतात. छातीवर-पाठीवर मुरमांमुळे आलेल्या छोट्या छोट्या केलॉइडना हे चांगलं. फोड येतो, पाणी वाहतं, जखम भरायला आठवडे लागतात. थंडीने रंगाच्या पेशी आधी मरतात, म्हणजे गोऱ्या कातडीच्या देशांत जो उपचार सहज चालतो, तो आपल्याकडे चेहऱ्यावर करताना दहादा विचार करावा लागतो. याचा एक छुपा फायदा आहे. गोठवून थोडा वेळ थांबलं की वण सुजून मऊ होतो आणि इंजेक्शन लोण्यात गेल्यासारखं जातं. म्हणून हे दोन्ही जोडीने करतात.

लेझर. इथे मी थोडी कडवट बोलणार आहे, माफ करा. जाहिरातीत सगळ्यांत वर लेझर असतं, पुराव्यात नाही. रक्तवाहिन्यांवर काम करणारं एक लेझर लाली आणि खाज कमी करतं, पण सावळ्या त्वचेतला रंग त्याचा बराचसा प्रकाश आधीच शोषून घेतो. कार्बन डायऑक्साइड लेझरने केलॉइड जाळून काढणं म्हणजे सुरीऐवजी प्रकाशाने कापणं. पुढे काही केलं नाही तर परत यायचं ते येतोच. लेझरने बारीक छिद्रं पाडून त्यातून स्टिरॉइड आत सोडण्याची पद्धत मात्र आशा वाटावी अशी आहे, सुईची भीती असणाऱ्यांना विशेष. तेव्हा लेझर हे साधन आहे. कुणी "फक्त लेझरने, कायमचं" म्हणालं तर पैसे देण्याआधी घरी जाऊन विचार करा.

सिलिकॉनच्या पट्ट्या आणि जेल यांचं मूळ भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात आहे. पट्टी त्वचेतला ओलावा धरून ठेवते. दिवसाचे किमान बारा तास, दोन-तीन महिने किंवा जास्त लावायची. जुना, टणक केलॉइड याने जाणार नाही. नव्या जखमेवर, टाके निघून ती पूर्ण भरल्यावर, वण उंचावू नये म्हणून मात्र जरूर लावा. पुरावा फार भक्कम नाही, पण धोका जवळजवळ शून्य आहे. मुंबई-कोकणाच्या घामात पट्टीखाली घामोळं येतं, त्यामुळे रोज पट्टी आणि त्वचा दोन्ही धुवायचं. कांद्याच्या अर्काची जेल मिळतात, त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. आणि चुना-सोडा किंवा ॲसिड लावून केलॉइड जाळण्याचा प्रकार अजून चालतो. तो करू नका. केलॉइडवर नवी जखम म्हणजे केलॉइडला खुराक.

मग शस्त्रक्रिया कधीच नको का? तसं नाही. नुसती नको. कापणं ही सुरुवात आहे, उपचार त्याच्या पुढे आहे. आणि तो कोणता, हे जागेवर ठरतं.

कान घ्या. आपल्याकडे कानाची पाळी तर टोचतातच, वर बुगडीसाठी कानाच्या वरच्या भागातली कूर्चाही टोचतात, हल्ली मुलगे भिकबाळीसाठी. कूर्चेला रक्तपुरवठा कमी, जखम रेंगाळते, पिकते आणि ज्याच्या अंगात ही प्रवृत्ती आहे त्याच्या कानामागे गोटी उभी राहते. अशा मुली मी नेहमी बघते : शेंगदाण्याएवढं होतं, कुणीतरी दहा मिनिटांत कापून दिलं, सहा महिन्यांनी लिंबाएवढं झालं, केस कायम कानावर, लग्नाची बोलणी सुरू आणि घरात सगळे धास्तावलेले. तरी कान ही केलॉइडची सगळ्यांत समजूतदार जागा आहे. इथे त्वचेवर ताण नसतो आणि पाळी दोन्ही बाजूंनी दाबता येते. केलॉइडच्या आतला गाभा काढायचा, वरची त्वचा झाकण म्हणून वापरायची, म्हणजे टाक्यांवर ओढ येत नाही. मग तिथे स्टिरॉइडची इंजेक्शनं, आणि जखम भरल्यावर दाब देणारी क्लिप, दिवसाचे बारा तास तरी, सहा महिने. रात्री झोपताना घातली तरी बरेच तास भरतात. हे सगळं केलं तर कानाचा निकाल खरोखर चांगला येतो. क्लिप ड्रॉवरमध्ये राहिली तर नाही.

याच्या अगदी उलट छाती. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले प्लास्टिक सर्जन रेई ओगावा यांनी त्वचेवरचा ताण आणि केलॉइड यांच्या नात्यावर बरंच काम केलं आहे. मुद्दा सोपा आहे. हात हलवला की छातीची त्वचा आडवी ताणली जाते, दिवसातून हजारो वेळा. छातीवरचा केलॉइड पसरतो तोही आडवाच. पापणीवर ताण नाही, तिथे केलॉइड जवळजवळ दिसत नाही. म्हणून छातीच्या मध्यावरचा आणि खांद्यावरचा केलॉइड कापायला मी सहसा तयार होत नाही. खांद्यावर, बीसीजीच्या जागी आलेला गोल वण काढायचा म्हणजे तिथली त्वचा ओढून शिवायची, म्हणजे ताण आणखी वाढवायचा. तिथे आधी इंजेक्शन, गोठवणं, स्टिरॉइडची चिकटपट्टी.

आणि तरीही कापावंच लागलं, वण फार मोठा आहे, आतून पू होतो आहे, तर शस्त्रक्रियेला जोड हवी रेडिएशनची. हा उपचार शंभर वर्षांहून जुना आहे. शस्त्रक्रियेनंतर शक्यतो २४ तासांच्या आत सुरू करायचा, लागोपाठ काही दिवस थोडा थोडा. पेशी नव्याने विणायला बसण्याआधीच त्यांना रोखायचं. याने परत येण्याचं प्रमाण साधारण पाचात एकापर्यंत खाली येतं. कानावर त्याहून कमी, छातीवर त्याहून जास्त. मोठ्यांच्या हट्टी केलॉइडसाठी आज याच्याइतकं भक्कम काही नाही. पण कॅन्सर नसलेल्या आजाराला किरण द्यायचे, तर पुढे कॅन्सर होण्याचा धोका, कितीही लहान असला, तोलावा लागतो. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नाही. स्तन आणि थायरॉइड झाकून, पुरेसं अंतर ठेवून. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांच्या तारखा आधी जुळवूनच सुरी उचलायची. आज ऑपरेशन आणि रेडिएशनची तारीख पंधरा दिवसांनी, असं असेल तर ऑपरेशन पुढे ढकला.

एक छोटी सूचना राहिली. काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला पाठवा. डर्मॅटोफायब्रोसार्कोमा नावाची एक गाठ केलॉइडचं सोंग घेऊन येते आणि ती मात्र कॅन्सरच्या जातीची असते. जिथे कधी जखमच झाली नव्हती तिथे कडक, वाढती गाठ असेल तर आधी तुकडा तपासायचा, इंजेक्शनं नंतर.

आता प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्या) मला स्वतःला केलॉइड आहे. नातीचं बारसं झालं, आता कान टोचायचेत. टोचावेत का?

घरात केलॉइड असेल तर न टोचणं सगळ्यांत सुरक्षित. आजीला हे ऐकायला आवडणार नाही, पण दाबाच्या कुड्या सुंदर मिळतात. टोचायचेच असतील तर लहानपणीच, फक्त पाळी, बुगडीची जागा नाही. अकरा वर्षांनंतर टोचलेल्यांत केलॉइडचं प्रमाण बरंच जास्त आढळलेलं आहे. केलॉइड वाढण्याचं वय वयात येण्याच्या आसपास सुरू होतं, म्हणून.

(एक श्रोते) मग बाळाला बीसीजी टाळावी?

नाही, अजिबात नाही. क्षयाचं संरक्षण आणि दंडावरचा वण यांची बरोबरी होत नाही. लस द्यायचीच.

(एक श्रोते) बायपास सांगितली आहे आणि छातीवर मुरमांचे केलॉइड आहेत.

बायपास थांबवू नका. सर्जनना आज केलॉइड दाखवा, टाके घालण्याची पद्धत त्यांना बदलता येते. जखम पूर्ण भरली की सिलिकॉन सुरू करा आणि दुसऱ्या महिन्यापासून दर महिन्याला वणावरून बोट फिरवून बघा. कडक लागलं किंवा खाज सुरू झाली की त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. त्या वेळी दोन-तीन इंजेक्शनांत भागतं.

(एका श्रोत्या) माझ्या खांद्यावर वीस वर्षांचा आहे. खाजत नाही, वाढत नाही. काय करू?

तुम्हाला तो खुपतो का? नाही? मग काही करू नका. दरवर्षी दिवाळीच्या आसपास त्याचा एक फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. वाढला तर या.